सारखं पाणी

क्रीट बेटावर हान्या शहराच्या मागे चुनखडीचे पांढरे डोंगर उभे आहेत. त्यांच्या पायथ्याच्या एका गावात एक म्हातारी राहायची. अंगणात ऑलिव्ह तेलाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली, बाहेरून चुना फासलेला. त्यांत रोझमेरी, ओरेगानो, सेज आणि क्रीटखेरीज जगात कुठेही आपणहून न उगवणारा दिक्तामो. स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र बॅसिल. येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवायचा आणि हात हुंगतच आत शिरायचा.

एका उन्हाळ्यात म्हातारी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे शहरात गेली. झाडं सांभाळायला अथेन्सहून नातू आला. नातू हिशेबी आणि न्यायाचा मोठा भोक्ता. आजीनं धाकट्या काकाला वर्षानुवर्षं पैसे पुरवले आणि आपल्या वडिलांना कधी छदाम दिला नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. अंगणात पाहतो तर इथेही तेच. बॅसिलची माती ओलीगार आणि बाकीच्या डब्यांत नुसती रेती, खडे, धूळ.

“म्हणजे झाडांतही आवडतं-नावडतं आहेच,” तो पुटपुटला.

दुसऱ्याच दिवशी ठिबकच्या नळ्या आल्या, नळाला टायमर बसला. प्रत्येक डब्याला सकाळी अर्धा लिटर, संध्याकाळी अर्धा. वर चमचा-चमचा खत. कुणाला थेंबभर कमी नाही की जास्त नाही.

पहिले काही दिवस अंगण हिरवंगार झालं. बॅसिल तरारलं, पण ते तरारणारच. मूळचं ते आपल्या बाजूच्या उष्ण, ओलसर मुलखातलं. त्याचंच बी आपण सब्जा म्हणून फालुद्यात घालतो. ओरेगानोही फोफावला, पानं मोठी, कोवळी, पोपटी. शेजारणीनं एक पान चुरगळून हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, “दिसतोय छान.” पुढे काही बोलली नाही. ओरेगानोचा तो झणका येतो कार्व्हाक्रॉल आणि थायमॉलमुळे. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचाच वास. खडकाळ जमिनीत, कडक उन्हात अर्धपोटी वाढलेल्या पानात तो दाटतो. खाऊनपिऊन सुखी झालेल्या पानात पातळ होतो.

मग रोझमेरीचे शेंडे तपकिरी पडायला लागले. पानं सुकून गळू लागली. नातवाला वाटलं, ऊन फार आहे, बिचारीला पाणी पुरत नाही. एकटीचं वाढवणं तत्त्वात बसेना, म्हणून त्यानं सगळ्यांचंच दुप्पट केलं.

ऑगस्ट सरता सरता म्हातारी काठी टेकत घरी आली. सगळे डबे एकदा बघितले, रोझमेरीपाशी थांबली आणि खोड धरून वर ओढलं. झाड अलगद हातात आलं. मुळं काळी पडलेली. चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी निघून यायची, मागे नुसता दोरा राहायचा. वास गटाराचा. माती सदान्‌कदा ओली राहिली की तिच्यातली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, कुजतात. आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानेलं आहे. ते असतंही. पाण्यात उभं राहून वाळत असतं.

“मी सगळ्यांना सारखं दिलं गं, आजी.”

“दिलंस ना. बॅसिलला विचार, ते तुझे गोडवेच गाईल.”

एक फांदी अजून हिरवी होती. म्हातारीनं तिचे वीतभराहून थोडे कमी तुकडे केले, खालची पानं ओरबाडली आणि ओल्या रेतीत, सावलीत खोचून दिले. तोवर नातवानं वहीत लिहूनसुद्धा टाकलं: रोझमेरी, पाणी नको.

“वही मिट,” म्हातारी म्हणाली. “ह्यांना रोज पाणी घाल. रेती वाळू द्यायची नाही.”

“पाण्यानंच तर मेली ना?”

“तिला मुळं होती. ह्यांना कुठायत?”

“मग पाणी तोडायचं कधी?”

“हळूच ओढून बघायचं. सुटून हातात आली, तर अजून घाल. रेतीनं धरून ठेवली, तर कमी करत जा.” ती ओट्यावर बसली, गुडघा चोळत. “तुझ्या काकाचं दुकान मार्गी लागेपर्यंत सहा वर्षं गेली.”

नातू बराच वेळ त्या काड्यांकडे बघत राहिला. मग विचारलंच, “आणि बाबांना?”

“तुझ्या बापालाही ओढून पाहिलं होतं मी एकदा. जागचा हलला नाही मेला. ऊठ, तो टायमर काढ आधी, आणि दिक्तामोचा डबा उन्हात सरकव.”