गावची नोंद, परदेशातली बेडी

चि. बाळास,


बदनापूर तालुक्यात ग्रामसेविका म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. घरकुलं, पाणीपट्टी, वसुली यांत तुझे दिवस कसे जातील ते मला दिसतंच आहे. एका कामाबद्दल मात्र तुला वरून फारसं कुणी विचारणार नाही. गावातल्या लेकरांची नोंद. त्यासाठीच हे पत्र.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, कडेवर लहानगं, आणि त्याला सांभाळायला सोबत दहा-बारा वर्षांची थोरली. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. ट्रॅक्टरवर कोण चढलं हे कुणी लिहून ठेवत नाही. हंगाम संपून टोळी परत आली आणि त्यात एखादी पोर दिसली नाही, तर "तिकडंच लग्न लावलं" किंवा "एका घरी कामाला ठेवली" एवढ्यावर गाव गप्प बसतं. तू बसू नकोस. बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तूच आहेस आणि गावची जन्मनोंदही तुझ्याच हातात आहे. मुलीचं वय किती, हा प्रश्न कोर्टात निघतो तेव्हा शाळेचा दाखला पाहतात, आणि तो नसला तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तिथं तारीख चुकली किंवा मागाहून 'जमवून' दिली, की पुढचा सगळा खटला लंगडा पडतो.

तुला वाटेल, मावशी बदनापुरातून एकदम जगाच्या गोष्टी करायला लागली. पण धागा एकच आहे. मुंबईतलं अँकरेज प्रकरण तुला माहीत असायला हवं. डंकन ग्रँट या ब्रिटिश माणसानं १९९५ च्या सुमारास रस्त्यावरच्या मुलांसाठी म्हणून निवारे काढले, कुलाब्यात आणि मुरूडला. त्याचा साथीदार ॲलन वॉटर्स. दोघंही त्याच मुलांवर अत्याचार करत होते. २००१ साली प्रकरण उघड झालं तेव्हा दोघंही देशाबाहेर होते. मग इंटरपोलची नोटीस निघाली, २००३ मध्ये वॉटर्स न्यूयॉर्कला पकडला गेला आणि पुढच्या वर्षी भारताच्या ताब्यात आला. ग्रँट टांझानियातून येऊन हजर झाला. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयानं दोघांना सोडलं, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या साक्षी खऱ्या मानून शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षं! तीन देशांची यंत्रणा हलली ती काही पोरांनी तोंड उघडलं आणि कुणीतरी ते ऐकून घेतलं म्हणून. ऐकणारं माणूस नसतं तर न्यूयॉर्कच्या विमानतळावर कुणाला कशासाठी अडवलं असतं?

आता उलट्या दिशेनंही माहिती येते. मुलांवरच्या अत्याचाराची चित्रं इंटरनेटवर कुणी टाकली की अमेरिकेतल्या संस्थेकडून आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं (एनसीआरबी) खबर येते. २०१९ मध्ये तसा करार झाला. तिथून ती राज्याच्या सायबर पोलिसांकडं आणि जिल्ह्यात पोचते. म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असला व्हिडिओ आला, तर "सावध राहा" म्हणूनसुद्धा पुढं पाठवू नकोस, कुणाला पाठवू देऊ नकोस. तसं पाठवणं हाही गुन्हाच आहे, आणि त्या लेकराची विटंबना पुन्हा पुन्हा होते.

मानवी तस्करीविरुद्धच्या पालेर्मो करारावर २००० साली जगानं सह्या केल्या आणि २०११ मध्ये भारतानं तो मान्य केला. त्यात साफ म्हटलं आहे की अठराच्या आतल्या लेकराला शोषणासाठी नेलं, तर जबरदस्ती किंवा फसवणूक दाखवावी लागत नाही, ती तस्करीच. "आई-बाप राजी होते" हे मुकादमाचं किंवा दलालाचं उत्तर ऐकून घेऊ नकोस. आई-बापांवर मात्र आग पाखडू नकोस. उचल फेडायची कशी, ह्या घोरानं त्यांची झोप गेलेली असते.

लेकरू काही सांगायला आलं तर ऐक, पण खोदून चौकशी करू नकोस; ते काम शिकलेल्या माणसांचं. तुझी कच्ची उलटतपासणी उद्या वकिलाच्या कामी येईल. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन कर, पोलिसांना कळव. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कळवणं हे कायद्यानं बंधनच आहे. मूल ताब्यात आलं तर चोवीस तासांच्या आत जालन्याच्या बाल कल्याण समितीपुढं जायला हवं. त्याचं नाव चहाच्या टपरीवरही निघता कामा नये. गावातली बडी मंडळी "आपसात मिटवू" म्हणतील. तिथं ताठ राहा. तुझ्या नोकरीतला सगळ्यांत अवघड दिवस तोच असेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि एवढं कर: दिवाळीच्या आधी मुख्याध्यापक आणि अंगणवाडीताईंबरोबर बस, घरोघरची यादी काढ. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळालं का ते पाहा. मागं राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठव. टोळी कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर काय, हे त्याच यादीत लिहून ठेव. टोळ्या परतल्या की यादी घेऊन पुन्हा दारोदार जा. बाल संरक्षण समितीच्या बैठका कागदावरच होत असतील तर सरपंचांकडं जुनी इतिवृत्तं माग.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी