आपला सल्ला कोणी ऐकत नाही तेव्हा



आजारपणात माणसे दुखणे सांगतात, अडचणीत पैशांची चणचण सांगतात. पण एक दुःख असे आहे, की ते सांगायला मुद्दाम कोणी येत नाही. घरभेटीच्या वेळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते तोंडातून निघून जाते. ‘फादर, मी तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही.’

वॉर्डातली सिस्टर सांगते की रात्रपाळीला एकटीवर एवढे पेशंट टाकू नका. स्टोअरमधला माणूस सांगतो की या सप्लायरचा माल पावसाळ्यात कधीच वेळेवर येत नाही. अकाऊंट्समधली नवी मुलगी सांगते की हा हिशेब जुळत नाही. साहेब मान हलवतात, मीटिंग पुढे सरकते. काही महिन्यांनी बाहेरून बोलावलेला सल्लागार तीच गोष्ट पडद्यावर रंगीत तक्ते दाखवून सांगतो आणि टाळ्या पडतात. घरी येऊन बोलावे तर तिथले उत्तर ठरलेले असते: ‘तुला काय करायचंय? पगार मिळतो ना वेळेवर?’

आम्हांला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. माणूस कामावर फक्त हात घेऊन जात नाही, डोकेही घेऊन जातो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या विश्वपत्रात हा मुद्दा आला आहे. कामगाराला योग्य मोबदला तर हवाच, पण वरून कोणी तरी फिरवत असलेल्या अवाढव्य यंत्रातले आपण केवळ एक दाते आहोत असे त्याला वाटू लागले, तर त्याच्या माणूसपणालाच धक्का बसतो. तेव्हा ज्याचा सल्ला कानाआड केला गेला त्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तो हळवा आहे किंवा त्याला अहंकार आहे, असे लगेच म्हणू नये.

मात्र त्या वाईट वाटण्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. काम बिघडणार, कोणाला तरी इजा होणार, ही त्यातली एक. मला मोजले नाही, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, पण त्या एक नव्हेत. त्या वेगळ्या कशा करायच्या, हाच आजचा प्रश्न आहे. आपल्या ऑफिसातले उदाहरण घेतले की आपल्याच साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि विचार नीट होत नाही. म्हणून दूरचे एक उदाहरण घेऊ. त्याच्या नोंदी एका चौकशी आयोगाने पानोपानी लिहून ठेवल्या आहेत.

अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात फुटले आणि आतील सातही जण मरण पावले. त्यांत ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ती बातमी आठवत असेल. यानाच्या बाजूंना जे मोठे रॉकेट जोडलेले होते त्यांच्या सांध्यांत ओ-रिंग नावाची रबरी कडी होती. आपल्या घरच्या कुकरची रिंग कडक झाली की वाफ कशी फुसफुसत बाहेर पडते, ते आपण जाणतो. त्या सांध्यातून वाफ नव्हे, धगधगता वायू बाहेर पडणार होता आणि थंडीत रबर कडक होते.

हे रॉकेट युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल या कंपनीने बनवले होते. तेथील इंजिनिअर रॉजर बोझोले यांनी जानेवारी १९८५ च्या, म्हणजे एक वर्ष आधीच्या, उड्डाणानंतर सांधे तपासले तेव्हा दोन कड्यांमधले वंगण काळे पडलेले त्यांना आढळले. वायू पहिली कडी ओलांडून गेला होता, आणि ते तोवरचे सर्वांत थंड हवेतले उड्डाण होते. जुलै १९८५ मध्ये त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले की हे दुरुस्त केले नाही तर माणसे मरतील. त्यांचे सहकारी बॉब एबलिंग यांनी ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्या टिपणाची सुरुवातच मदतीच्या हाकेने होते.

उड्डाणाच्या आदल्या रात्री फ्लोरिडात पारा शून्याच्या खाली जाणार असे कळले. फोनवरून तीन ठिकाणांची बैठक झाली. सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, असे इंजिनिअरांनी सांगितले, आणि कंपनीनेही प्रथम तोच सल्ला अधिकृतपणे दिला. नासाच्या अधिकाऱ्यांना तो रुचला नाही; मग काय एप्रिलपर्यंत थांबायचे, असा त्यांतील एकाचा सूर होता. तेव्हा कंपनीने आपसात बोलण्यासाठी पाच मिनिटे मागितली. ती पाच मिनिटे अर्धा तास चालली. बोझोले फोटो दाखवून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मग शेवटचे मत फक्त चार वरिष्ठ व्यवस्थापकांचे घेतले गेले. त्यांपैकी इंजिनिअरिंगचे प्रमुख अजून कचरत होते. त्यांना सांगण्यात आले की आता इंजिनिअरची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. त्यांनी घातली. फोन पुन्हा जोडला गेला, उड्डाणाला हरकत नाही असे कळवण्यात आले. कोणाला आणखी काही म्हणायचे आहे का, असे विचारले गेले तेव्हा कोणीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोझोले यांना ते उड्डाण पाहायचेच नव्हते. एबलिंग यांनी त्यांना आग्रहाने खोलीत बोलावून घेतले. सांधा फुटलाच तर तो जमिनीवर, पेटताक्षणीच फुटेल असे त्यांना वाटत होते. पण यान सुखरूप वर गेले. उड्डाणाला साठ सेकंद झाली तेव्हा एबलिंग शेजारी बसलेल्या बोझोले यांना हळूच म्हणाले की आत्ताच मी देवाचे आभार मानणारी प्रार्थना संपवली. त्यानंतर तेरा सेकंदांनी पडद्यावर ढग फुटला.

त्या साठ सेकंदांपाशी आपण जरा थांबू या. या माणसाने महिनोन् महिने सांगितले होते, लिहिले होते, आदल्या रात्री त्याचा शब्द बाजूला सारला गेला होता. आणि आपले म्हणणे खोटे ठरते आहे असे दिसताच तो देवाचे आभार मानत होता. आपण सल्ला देतो तेव्हा आपल्याला काय हवे असते, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाही. ‘आता कळेल त्यांना’ हे वाक्य ज्याच्या मनात येते (आणि ते भल्याभल्यांच्या मनात येते), त्याने थोडे सावध व्हावे. साहेबांना धडा मिळावा म्हणून माल खरोखरच उशिरा यावा, पेशंटचे खरोखरच हाल व्हावेत, असे आपण नकळत मागू लागलो आहोत का? तसे असेल तर आपला सल्ला बरोबर असूनही आपण दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिलो आहोत.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास शिकलो तेव्हा विवेक या सद्गुणाचे एक विभाजन पाठ केले होते. विवेकाची कृत्ये तीन: आधी सल्लामसलत, मग निवाडा, मग आज्ञा. परीक्षेपुरते वाटलेले हे विभाजन नोकरी करणाऱ्या माणसाच्या फार उपयोगाचे आहे. सल्ला देणारा पहिल्या पायरीवर उभा असतो, आज्ञा देणारा तिसऱ्या. एका माणसाच्या विवेकात या पायऱ्या एकाच ठिकाणी असतात. संस्थेत त्या वेगवेगळ्या माणसांत वाटलेल्या असतात. म्हणून सल्ला नाकारला गेला की आपले काम अपुरे राहिले असे म्हणता येत नाही. पहिल्या पायरीवरचे काम पूर्ण केले की नाही, एवढेच आपल्याला विचारले जाईल.

ते पूर्ण करणे मात्र सोपे नाही. कँटीनमध्ये चडफडणे म्हणजे सल्ला देणे नव्हे. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला, वेळ असताना, त्याला समजेल अशा शब्दांत, आणि गरज पडल्यास लिहून सांगावे लागते. चॅलेंजरच्या इंजिनिअरांनी यातले जवळजवळ सगळे केले. तरीही चौकशी आयोगाने एक गोष्ट दाखवून दिली. ज्या उड्डाणांत कडीला इजा झाली होती तेवढीच तपासली गेली. इजा न झालेली उड्डाणेही त्यांच्या शेजारी तापमानानुसार मांडली असती, तर थंडीचा आणि इजेचा संबंध कोणालाही दिसला असता. त्या रात्रीच्या घाईत ते झाले नाही. याचा दोष त्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण आपले म्हणणे आपल्याला जितके उघड दिसते तितके समोरच्याला दिसत नसते, एवढे त्यातून घ्यावे. आपल्याला गांभीर्याने घेत नाहीत अशी तक्रार करण्याआधी एकदा आपलाच तक्ता दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा.

आणि जिवाचा प्रश्न असेल तर सांगून थांबता येत नाही. ॲलन मॅक्डोनल्ड हे त्याच कंपनीचे अधिकारी त्या रात्री फ्लोरिडात होते. संमतीच्या कागदावर सही करणे त्यांचे काम होते. त्यांनी ती केली नाही. सही युटाहून दुसऱ्याने करून पाठवली. ते उड्डाण थांबवू शकले नाहीत, पण त्यांचे नाव त्या कागदावर नाही. प्रत्येक मतभेदात असे करायचे नसते. मालाच्या ऑर्डरचा किंवा रजिस्टर कसे ठेवायचे याचा वाद असेल तर सांगावे आणि ठरले ते मनापासून करावे. हट्टाने काम अडवून धरणारा माणूस खऱ्या प्रसंगी आपला आवाज गमावून बसलेला असतो.

नाकारले गेल्यावर दुसरा मोह येतो तो गप्प बसण्याचा. ‘आता मी तोंड उघडणारच नाही.’ तो स्वाभिमान वाटतो. पण सिस्टर गप्प बसली तर शिक्षा मेट्रनला होत नाही, पेशंटला होते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात संत पौल कैदी म्हणून जहाजातून रोमला चालला आहे. हिवाळा तोंडावर आला होता. क्रेत बेटापाशी त्याने सांगितले की पुढे जाऊ नका, नुकसान होईल. शताधिपतीने त्याच्याऐवजी तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. खरे पाहता त्यात नवल ते काय? दर्यावर्दी माणसांसमोर तंबू शिवणाऱ्या कैद्याचे कोण ऐकणार? वादळ आले, माल समुद्रात फेकावा लागला. तेव्हा पौलही म्हणाला की माझे ऐकायला हवे होते. संतालाही ते म्हणावेसे वाटले, याचा आम्हांला दिलासाच वाटतो. पण तो ते एकदाच म्हणाला. त्याच दमात त्याने धीर दिला, पुढे सर्वांना जेवायला लावले, स्वतः आधी भाकर मोडली. जहाजावर २७६ माणसे होती. जहाज फुटले, पण माणूस एकही दगावला नाही. आणि त्या मधल्या दिवसांत त्याच शताधिपतीने पौलाचे ऐकायला सुरुवात केलेली दिसते.

आपल्यातले पुष्कळ जण कुठे ना कुठे शताधिपतीही असतात. दुकानात, घरात सुनेसमोर, पॅरिश कौन्सिलमध्ये. आम्ही धर्मगुरू तर वेदीवरून बोलतो, मध्येच कोणी हात वर करत नाही. त्यामुळे आम्हांला ऐकण्याची सवय राहणे आणखी कठीण. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठाची नियमावली लिहिताना महत्त्वाच्या निर्णयाआधी सगळ्यांना बोलवायला सांगितले, कारण देव कित्येकदा वयाने लहान असलेल्यालाच योग्य ते सुचवतो. निर्णय मठाधिपतीने घ्यायचा, पण ऐकून घेतल्यावर. अक्विनासही म्हणतात की विवेकाच्या बाबतीत कोणीच स्वयंपूर्ण नाही, वडीलधारेही नाहीत.

चॅलेंजरच्या त्या माणसांचे पुढे काय झाले? बोझोले यांनी आयोगापुढे सर्व सांगितले आणि कंपनीत ते एकटे पडले. नोकरी सोडून ते पुढे विद्यार्थ्यांना कामातल्या नीतीविषयी व्याख्याने देत राहिले. २०१२ साली ते वारले. मॅक्डोनल्ड यांनाही बाजूला सारले गेले होते. अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांनी आवाज उठवल्यावर त्यांना परत घेतले गेले आणि सांध्याची नवी रचना त्यांच्याच देखरेखीखाली झाली. १९८८ मध्ये याने पुन्हा उडू लागली ती त्या सांध्यावर.

एबलिंग यांचे मात्र वेगळे झाले. दुर्घटनेनंतर लवकरच त्यांनी काम सोडले. घराजवळच्या पक्ष्यांच्या अभयारण्याची पुराने नासाडी झाली होती, तिथे त्यांनी कित्येक वर्षे बिनपगारी काम केले. पण आपण आणखी काही तरी करायला हवे होते, हे मनातून गेले नाही. ३० वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, एका रेडिओ मुलाखतीत ८९ वर्षांचे एबलिंग म्हणाले की त्या कामासाठी देवाने माझी निवड करायला नको होती, ती देवाची चूक झाली. ते ऐकून शेकडो अनोळखी माणसांनी त्यांना पत्रे लिहिली. मॅक्डोनल्ड यांनीही त्यांच्याशी संपर्क साधून सांगितले की तुम्ही तुमचे काम केले होते. मन थोडे हलके झाले, असे एबलिंग यांनी त्यानंतर सांगितले. मार्च महिन्यात ते वारले.