तेलाच्या थेंबाची मीमांसा

१९९९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलची चेन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर चढवली. पायडलला दिलेली ताकद चेनमधून मागे किती पोचते आणि वाटेत किती उष्णता होऊन वाया जाते, हे त्यांना मोजायचं होतं. चेन कुठे तापते ते दिसावं म्हणून इन्फ्रारेड कॅमेराही लावला होता. सगळं जुळून आलं तर ९८.६ टक्के ताकद पोचते, असं निघालं. खरी गंमत मात्र पुढेच होती. त्यांनी वेगवेगळी वंगणं लावून पाहिली, एका चेनचं वंगण पार काढूनही पाहिलं, तरी आकड्यात सांगण्यासारखा फरक पडेना.

म्हणजे तेल घालणं हा निव्वळ रिवाज होता की काय? तसं नव्हतं. प्रयोगशाळेत धूळ नव्हती, एवढंच. स्पायसर यांनी लावलेला अर्थ असा, की वंगण कड्यांमधली जागा अडवून बसतं आणि त्यामुळे घाण आत शिरत नाही. तेच त्याचं मुख्य काम असावं. पिढ्यान्‌पिढ्या सायकलवाले ज्या तेलपाण्यावर वेळ घालवत आले, त्याचं फळ शोधायला गेलं तर हाती एवढंच लागतं: काही बिघडलं नाही.

ज्या कर्मातून नवं काही मिळत नाही, जे कधी संपत नाही आणि नीट पार पडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, ते माणसानं करावं तरी का? सायकल जन्माला येण्याच्या कितीतरी शतकं आधी वेदांतल्या कर्मविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसकांनी हा प्रश्न अग्निहोत्राच्या आणि संध्यावंदनाच्या निमित्तानं हिरिरीनं लढवला होता. त्यांच्या वादातली हत्यारं चेनलाही चांगली लागू पडतात. ती कशी, हे कळायला आधी चेन उघडून पाहायला हवी.

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि मँचेस्टरला कारखाना थाटलेले हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. पाच वर्षांनी जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर ‘सेफ्टी’ सायकल आली आणि मागचं चाक चेननं फिरवायची रीत रुळली. तेव्हापासून मूळ आखणी फारशी बदललेली नाही. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. साध्या सायकलवर असे शंभरएक सांधे असतात, आणि प्रत्येक सांधा दात्यावर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो खरं, पण पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. झिजते ती पिन आणि तिला वेढणारा आतला पृष्ठभाग. एकेका सांध्यातली ही झीज केसाएवढीही नसते, पण शंभर सांध्यांची मिळून चेन लांबते आणि सैल पडते. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. हेच माप एक सोळांश इंचानं वाढलं की चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंचानं वाढेपर्यंत थांबलं, तर दातेही त्या लांबलेल्या चेनच्या बेतानं झिजलेले असतात. मग त्यांच्यावर नवी चेन घातली तरी ती सटकते, आणि चेनबरोबर फ्रीव्हीलचाही खर्च येतो.

झीज घडवते मुख्यतः धूळ. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते चांगलेच कठीण असतात. ते तेलात कालवले गेले की घासकामाची लुगदी तयार होते. चेनला हात लावल्यावर बोटं काळी करणारा चिकटा म्हणजे तेल, वाळू आणि चेनचीच पोलादी भुकटी. म्हणून जाणता कारागीर चेनवर तेलाची धार धरत नाही. आधी रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन मळ काढतो, चेन सुकू देतो, मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडून पायडल उलटं फिरवतो, आणि शेवटी फडक्यानं चेन बाहेरून कोरडी पुसतो. आतलं तेल सांध्यांची राखण करतं, बाहेरचं तेल धुळीला बोलावून आणतं.

कर्माचे नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध असे प्रकार मीमांसेत पाडलेले आहेत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’मुळे ही विभागणी अनेक मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. चेनच्या बाबतीत ती जवळजवळ जशीच्या तशी उतरते. फिरून आल्यावर चेनवरून कोरडं फडकं फिरवणं हे नित्य. सायकल पावसात भिजली, कोकणच्या खाऱ्या हवेत चार दिवस उभी राहिली, किंवा खंडेनवमी आली, की निमित्त घडल्यामुळे करायचं ते नैमित्तिक. शर्यतीचा सायकलपटू चेनमधलं सगळं तेल उतरवून ती वितळलेल्या मेणात बुडवतो, कारण मेणाला धूळ कमी चिकटते आणि त्याला बोरघाटाच्या चढावर दुसऱ्याच्या पुढे राहायचं असतं. हे उघडच काम्य. आणि जुन्या चिकट्यावरच नवं तेल ओतणं, किंवा गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बेअरिंगमध्ये पाणी घुसवणं, हे निषिद्ध.

जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात या प्रकारांमधला एक मोलाचा भेद आला आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह पुरं झालं तरच फळ देतं. एखादं अंग राहिलं तर सगळा खटाटोप वाया. नित्य कर्माला ही अट नाही. ते यथाशक्ति करावं. सामग्री अपुरी असली, एखादं गौण अंग साधलं नाही, तरी मुख्य कर्म टाकू नये. मेणाची चेन करून पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. कारखान्यातून लागून आलेलं ग्रीस कड्यांत थोडं जरी उरलं, तरी मेण धरत नाही. रोजच्या फडक्याला मात्र ना खास द्रावण लागतं, ना स्टँड. घाईत अर्धीच चेन पुसली, तर अर्धी तरी पुसली जाते. शास्त्रानं नित्य कर्मात सूट दिली ती ढिलाईपोटी दिलेली नाही. जे आयुष्यभर करायचं त्याला पूर्णतेची अट घातली, तर ते चार दिवसांत सुटतं, हे शास्त्रकारांना ठाऊक असावं.

पण करायचं कशासाठी, हा प्रश्न उरतोच. सातव्या शतकाच्या सुमाराचे मीमांसक कुमारिल भट्ट व्यवहारी होते. प्रयोजन असल्याशिवाय माणूस हलत नाही, म्हणून नित्य कर्मालाही काही प्रयोजन हवंच. ते म्हणजे साचलेलं पाप झडणं आणि पुढचा दोष टळणं. मीमांसकच असलेल्या प्रभाकरांना हे हिशेबी वाटलं. त्यांच्या मते वेदानं सांगितलं हेच करण्याचं पुरेसं कारण, आणि कर्तव्याच्या मागे फळाचं आमिष बांधायची गरज नाही. शंकराचार्यांनी रोख करणाऱ्याकडे वळवला. फलाशा सोडून केलेल्या नित्य कर्मानं चित्त शुद्ध होतं, असं ते म्हणतात. तिघांचेही अनुयायी सायकलच्या दुकानात भेटतात. एक सांगतो, तेलपाणी ठेवलं तर फ्रीव्हीलचा खर्च वाचेल. दुसरा म्हणतो, सायकल ठेवायची तर ती नीटच ठेवायची, त्यात विचारायचं काय? तिसऱ्याला चेन पुसताना डोकं शांत होतं.

यातला सर्वांत चुरशीचा वाद न करण्याविषयी आहे. नित्य कर्म केलं नाही तर प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो, हे मत रूढ होतं. शंकराचार्यांनी गीताभाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात त्यावर नेमकं बोट ठेवलं. न करणं हा अभाव आहे. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू उपजेल कशी? नसलेल्या कारणापासून असलेलं कार्य निघू लागलं, तर कशापासूनही काहीही निघेल. त्यांचा पर्याय असा, की कर्म न घडणं हे आधीच साचलेल्या पापाचं लक्षण मानावं, दोषाचं कारण मानू नये.

चेनपुरता निकाल शंकराचार्यांच्या बाजूनं झुकतो. चेन झिजते ती नुसत्या तेलाच्या अभावामुळे नव्हे, मुख्यतः वाळूमुळे. बाल्टिमोरच्या प्रयोगात धूळ नव्हती, म्हणून तेलाचा अभाव एकटा पोचणाऱ्या ताकदीत फारसा फरक पाडू शकला नाही. पण आळशी मालकाला यात सुटका मिळत नाही. रस्त्यावर वाळू सदाचीच असते आणि तिची वाट अडवणं त्याच्या हाती होतं. कुमारिलांच्या बाजूनं म्हणता येईल की, कारण नसलं तरी जबाबदारी असू शकते. पहारेकरी झोपला म्हणून चोर जन्माला येत नाही, तरी सकाळी जाब पहारेकऱ्यालाच विचारतात.

इथवर शास्त्रकारांचं ऐकता येतं. पुढे मात्र त्यांच्याशी भांडण आहे. धर्मशास्त्रातल्या नित्य कर्मांच्या यादीत स्नान, संध्या, होम, तर्पण आहेत, स्वतःच्या देहाची शुद्धी आहे. वापरलेल्या वस्तूचा, रस्त्याचा, संडासाचा मळ काढणं त्या यादीत नाही. ते काम जातीनं बांधून दुसऱ्याच्या माथी मारलं गेलं, आणि वर ते करणाऱ्यालाच अशुद्ध ठरवलं गेलं. ज्या कामाला नित्य कर्माच्या सगळ्या व्याख्या तंतोतंत लागू पडतात, तेच नेमकं धर्माच्या बाहेर राहिलं.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हा क्रम मोडला. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. विनोबा चाळीसच्या दशकात पवनारहून जवळच्या सुरगावला रोज चालत जाऊन मैला उचलत असत. दुसऱ्या दिवशी घाण पुन्हा होणार, हे दोघांनाही माहीत होतं. पुन्हा होते म्हणूनच तर ते नित्य कर्म. मीमांसकांनी ज्या कर्माची इतकी बारीक चिकित्सा केली, ते या दोघांनी योग्य जागी नेऊन ठेवलं.

दसऱ्याला झेंडूची माळ सायकलला मालक घालतो, आणि तिच्या चेनचा चिकटा बहुधा दुकानातल्या पोऱ्यानं काढलेला असतो. त्याच्या नखांत तो आठवडाभर राहतो. फ्रीव्हील काढायला खास पाना लागतो, चेनची पिन ठोकायला सराव लागतो, तेव्हा दुकानात जायला काहीच हरकत नाही. पण फडकं फिरवायला कारागीर लागत नाही. येत्या खंडेनवमीला हळदकुंकवाआधी आपल्या सायकलची चेन आपणच धुवावी, प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडून बाहेरून पुसून घ्यावी, आणि फूटपट्टीनं २४ कड्या मोजाव्यात. १२ इंचावर एक सोळांश इंच जास्त भरली, तर चेन बदलून घ्यावी.