परदेशी जाण्यापूर्वी



आपल्या धर्मग्रामातून नोकरीसाठी परदेशी जाणारे अनेक जण निघण्यापूर्वी आभाराची मिस्सा ठेवतात. फार चांगले. पण मागे राहिलेल्या कर्जाचे काय?

पतपेढीच्या कर्जाला काकांनी किंवा मित्राने जामीन म्हणून सही केलेली असते. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या १२८व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदार विमानात बसतो. नोटीस जामीनदाराच्या दारी येते.

संत पौलाचे फिलेमोनाला पत्र वाचा. एकच अध्याय आहे. अनेसिम हा गुलाम धन्यापासून दूर गेला होता. तुरुंगात असलेल्या पौलाने त्याला माघारी पाठवले आणि त्याचे काही देणे असल्यास ते आपल्या नावे मांडावे, असे स्वहस्ते लिहून दिले. पौल जामीन राहिला. पण त्याने अनेसिमला लपवले नाही, धन्यासमोर उभे केले. खरी दया न्यायाला बगल देत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी देण्यांची यादी करा. शक्य तेवढे फेडा, उरलेल्याचे हप्ते लेखी ठरवा. जामीनदाराला स्वतः भेटून नवा पत्ता द्या. शेजाऱ्याकडून घेतलेले हातउसने विसरू नका. त्याला कागद नसतो, परमेश्वर साक्षी असतो.

जे आधीच गेले आहेत, त्यांना आईवडिलांनी हा निरोप द्यावा. हप्ता कमी करून मागण्यात लाज नाही. फोन न उचलण्यात आहे.

प्रभू तुमचा प्रवास सुखाचा करो.

तुमचा धर्मगुरू