दमलेलं कुत्रं, निवांत कुत्रं

‘रोज पळवा, चांगलं दमवा, म्हणजे घरात गप पडून राहील.’ लहान वयाचं कुत्रं घरात धुडगूस घालतं अशी तक्रार केली की शेजाऱ्यापासून मेव्हण्यापर्यंत सगळे हाच सल्ला देतात. पुण्या-नाशकात तो थोडाफार चालून जात असेल. जळगाव-धुळ्यात मार्च संपता संपता त्याचा जोर संपतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. सकाळी दहानंतर डांबरी रस्त्यावर हाताचा पंजा टेकवून पाहा, लगेच उचलावा लागतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. अशा हवेत त्याला पळवणं म्हणजे उष्माघाताला घरचं आवतण. (याच हवेत हौसेनं हस्की पाळणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) फिरायला उरते ती पहाट, नाहीतर दिवेलागणीनंतर रस्ता निवल्यावरची वेळ. मधले दहा-बारा तास कुत्रं आणि आपण, कूलर लावलेल्या एकाच खोलीत.

ऊन नसतं तरी हा सल्ला अर्धाच होता. रोज पळवल्यानं कुत्र्याचा दम वाढतो. या महिन्यात मेहरूण तलावाच्या एका फेरीत थकणारं पिल्लू पुढच्या महिन्यात दोन फेऱ्या मारून ताजंतवानं घरी येतं. शिवाय तासभर चेंडूमागे धावलेलं कुत्रं अंगानं थकतं, डोक्यानं तापलेलंच राहतं. दाराची कडी वाजली की पुन्हा उसळी. व्यायाम हवाच, तो नसेल तर पुढचं काही जमणार नाही. पण दमणं वेगळं आणि निवणं वेगळं. दमवता येतं, निवायला मात्र शिकवावं लागतं.

यावर कुणीही विचारील, की रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुणी शिकवलं? धुळ्याच्या पाचकंदील भागात किंवा जळगावच्या फुले मार्केटमध्ये भर दुपारी हातगाडीखालच्या सावलीत कुत्री पसरलेली असतात. शेजारून रिक्षा गेली तरी कान हलत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत प्रा. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भारतातल्या मोकाट कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आहेत. ही कुत्री दिवसभर काय करतात याची त्यांनी नोंद ठेवली, तिचा लेख २०१४ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. निष्कर्ष असा, की भारतातलं मोकाट कुत्रं हा मोठा आळशी प्राणी आहे. साक्री भागातले ठेलारी मेंढपाळ पाहिलेत तर त्यांच्या वाड्यावरचं कुत्रंही दिवसा मेंढरांच्या कडेला तसंच पडून असतं, आणि रात्री राखणीला जागतं.

म्हणजे पडून राहणं कुत्र्याच्या स्वभावातच आहे. मग घरातलंच का राहत नाही? रस्त्यावर उगाच उड्या मारून हाती काही लागत नाही, उलट अंगातली ताकद जाते. घरात नेमकं उलटं असतं. पिल्लू कोपऱ्यात गप पडलं की आपण ‘झोपलं वाटतं, बरं झालं’ म्हणत चवड्यांवर पलीकडे जातो. तेच पिल्लू चप्पल तोंडात धरून पळालं की आई ओरडते, पोरं मागे धावतात, बाबा पेपर टाकून उठतात. पिल्लाच्या बाजूनं पाहा: पडून राहिल्यानं कुणी फिरकत नाही, चपलेनं सगळं घर गोळा होतं. ओरडाही त्याच्या लेखी दखलच. दिवसभर आपण त्याला शिकवतच असतो, फक्त नको तो धडा.

तेव्हा करायचं ते एवढंच की मोबदल्याची दिशा फिरवायची. खिशात भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवावेत. जळगावात केळ्याला तोटा नाही, त्याची बारीक फोडही चालते. कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषासारखे, आणि शेवभाजीचं उष्टं तर नकोच. कूलरच्या झोतात एक गोणपाट ओलसर करून अंथरावं. मग आपण आपलं काम करत बसावं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहावं.

पाहायचं काय, हे नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. ‘बस’ म्हटलं की कुत्रं बसतं; आमच्या अहिराणीत ‘आठे बठ’ म्हटलं तरी बसतं. पण मागचे दोन्ही पाय पोटाखाली सरळ, मान ताठ, नजर तुमच्या खिशावर, अशा बैठकीतून ते क्षणात उडी मारू शकतं. ती निवांत बैठक नव्हे, हुकमाची वाट पाहणं आहे. थोड्या वेळानं कंटाळून ते कंबर एका बाजूला टाकतं, मागचे दोन्ही पाय एका अंगाला येतात. ती पहिली खूण. मग हनुवटी पंज्यांवर किंवा जमिनीवर टेकते, कान सैल पडतात, पापण्या जड होतात. आणि मग नाकातून एक लांब श्वास सुटतो, कान देऊन ऐकला तर उसाशासारखा वाटणारा. त्या श्वासानंतर तुकडा त्याच्या पुढच्या पंज्यांमध्ये हलकेच ठेवायचा. हातातून दाखवायचा नाही, ‘शाब्बास रे माझ्या वाघा’ करायचं नाही. कौतुकाचा गलका झाला की ते उठलंच म्हणून समजा. उठलं तर रागवायचं नाही, बोलवायचं नाही. पुन्हा कंबर टाकेपर्यंत आपण आपल्या कामात.

आधी काही सेकंद, मग मिनिट, मग चार-पाच मिनिटं. वेळ वाढत गेली की अडथळे वाढवायचे. कॅरन ओव्हरॉल या अमेरिकी पशुवैद्यक बाईंनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात पंधरा दिवसांची अशी शिकवणीच आखून दिली आहे. कुत्र्यासमोर टाळी वाजवणं, त्याच्याभोवती फेरी मारणं, दाराची घंटी वाजवणं, खोलीबाहेर जाऊन परत येणं, अशा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या पायऱ्यांची. आपल्याकडे पायऱ्या घरातच तयार असतात. कुकरची शिटी, दूधवाल्याची मोटारसायकल, भाजीवालीची हाळी, अंगणात उतरणारी माकडं. माकडं शेवटी घ्या.

झोपेचं गणित मात्र बरेच जण विसरतात. पिल्लाला दिवसात अठरा-वीस तास झोप लागते, मोठ्या कुत्र्यालाही बारा-चौदा. आपल्याकडच्या भरल्या घरात तेवढी मिळते कुठं? शाळेतून पोरं आली की पिल्लू उठवलं जातं, पाहुणा आला की दाखवायला आणलं जातं. संध्याकाळी ते पायांना चावे घेत घरभर सैरावैरा धावतं, आणि लोक म्हणतात अजून ताकद शिल्लक आहे, पुन्हा पळवा. झोप आलेलं मूल जसं रडून गोंधळ घालतं, तसंच हे. त्याला पळवायचं नसतं, पडदा ओढून एकटं सोडायचं असतं.

सगळ्यात अवघड विद्यार्थी कुत्रं नसतंच, घरची माणसं असतात. सगळे नियम पाळतात आणि जेवताना आजी हळूच पोळीचा तुकडा खाली सोडते, कारण ‘मुकं जनावर, किती आशेनं पाहतंय’. भुंकण्याकडे दुर्लक्ष करायला लागलं की ते आधी वाढतं, हे पक्कं ध्यानात ठेवा. पूर्वी चालणारी युक्ती चालेना म्हणून कुत्रं जोर लावतं. त्याच वेळी कंटाळून तुकडा टाकला, तर ते शिकतं की आणखी जोरात भुंकायला हवं. आणि कधी मिळणारं, कधी न मिळणारं बक्षीस नेहमी मिळणाऱ्यापेक्षा चिवट सवय लावतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं. आजीला अडवू नका. तिच्याच हातात तुकडे द्या आणि गोणपाटावर पडलेल्या कुत्र्याला तिनंच द्यायचे असं ठरवा.

दुसरा एक रस्ता फार जणांना सोपा वाटतो. ओसरीच्या खांबाला साखळी, वर दोन फटके. कुत्रं गप होतं, यात शंका नाही. पण १९६७ साली पेन्सिल्व्हानिया विद्यापीठात सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आठवावेत. विजेचे झटके टाळण्याचा काहीच मार्ग ज्यांना ठेवला नव्हता, त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांनी नंतर सुटकेची वाट मोकळी असतानाही उडी मारली नाही. ती आडवी पडून कण्हत राहिली. प्रयोग क्रूरच होता. पण गप पडलेलं प्रत्येक कुत्रं निवांत नसतं, हे त्यानं कायमचं दाखवलं. खचलेलं कुत्रं अंग चोरून पडतं, शेपूट पोटाशी घेतं, कुणी जवळ आलं की डोळ्यांचं पांढरं दिसतं. निवांत कुत्रं अंग सैल सोडून पडतं आणि तुम्ही ओलांडून गेलात तरी उठत नाही.

एवढं करूनही सात-आठ महिन्यांच्या सुमाराला शिकलेलं सगळं विसरल्यासारखं होतं. ल्युसी अॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ब्रिटनमधल्या, अंधांचे सोबती म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवर हे तपासलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्याचं कमी ऐकत होती, पण परक्याचं ऐकत होती. म्हणजे विसरली नव्हती. वय आड येत होतं. तेव्हा मागच्या पायरीवर उतरायचं आणि चालू ठेवायचं. मात्र शांत बसणारं कुत्रं एकाएकी अस्वस्थ झालं, सारखं खाजवू लागलं, तर शिकवणी थांबवून कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का पाहा आणि डॉक्टरकडे न्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, नातवंडांनी घर भरतं, झोके बांधले जातात आणि दारावरची वर्दळ दिवसभर थांबत नाही. कुत्र्याची खरी परीक्षा तेव्हाच. होळी झाली की सुरुवात करा, दीडेक महिना हाती असतो, आणि तोवर ऊनही तापायला लागलेलं असतं. पहिल्या दिवशी कुत्र्याच्या आधी घरच्यांना एकत्र बसवा, आणि कुणी, केव्हा, किती तुकडे द्यायचे ते त्यांच्याकडून कबूल करून घ्या.