तकदीर की पळवाट?

आम्हा मारेगावकरांना शर्यत म्हटली की शंकरपट आठवतो. पटात धुरकरी पडला, जखमी झाला, तर आम्ही म्हणतो, "तकदीर!"

मोटारींच्या शर्यतीतही असे म्हणता आले असते. १९९४ साली इटलीत इमोला येथे रोलंड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे चालक लागोपाठच्या दोन दिवशी गेले. त्यानंतर गाड्या, मार्ग, नियम बदलले. २०१८ पासून फॉर्म्युला वनमध्ये चालकाच्या डोक्याभोवती टायटेनियमचे कडे सक्तीचे झाले. २०२० मध्ये बहरीनला पेटलेल्या गाडीतून रोमाँ ग्रोझाँ भाजल्या हातांनी, पण जिवंत बाहेर आला.

धोका पत्करणे चालकाच्या मर्जीचे असेल. पण टाळता येणाऱ्या इजेला तकदीर म्हणणे ही आम्हा प्रेक्षकांची पळवाट आहे. धुरकऱ्यासाठी साधे हेल्मेट तरी आम्ही कधी मागितले का?