कोऽहं, सहा आकडी

माणसाने आयुष्यात एकदा तरी ‘मी कोण?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा, असे थोर लोक सांगून गेले. मी पडलो बी.कॉम.; हा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता. पण गेल्या दिवाळीत हरिहरेश्वरला तो मला माझ्याच मोबाईलने विचारला आणि मी सपशेल नापास झालो.

त्याचं असं झालं. निघायच्या आदल्या रात्री भाच्याने दम भरला, “मामा, जन्मतारखेचा पिन ठेवतं का कुणी?” मीही पेटलो आणि चोराच्या बापालाही सापडणार नाही असा सहा आकडी पिन ठेवला. प्रवासभर अंगठा टेकवला की फोन उघडत होता. हरिहरेश्वरला पोचता पोचता बॅटरी संपून तो झोपला. चार्ज होऊन उठला तो ओळख विसरूनच. अंगठा लावला, तर म्हणतो, आत्ताच चालू झालोय, आधी पिन सांगा! भाच्याला हिच्या फोनवरून विचारलं. तो म्हणाला, आतला सगळा ऐवज सांकेतिक लिपीत बंद असतो आणि पहिल्यांदा उघडायची किल्ली पिनशिवाय मिळत नाही. चोराच्या बापाला न सापडणारा आकडा आता चोराच्या नव्हे, मालकाच्या बापालाही सापडेना. सहा आकड्यांचे पिन होतात दहा लाख. पाच चुकल्यावर फोन म्हणाला, थांबा.

जॉन लॉक नावाचा एक इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला. (नावातच कुलूप!) 1694 साली त्याने लिहून ठेवलं की, राजपुत्राची आठवण मोच्याच्या देहात शिरली तर तो माणूस राजपुत्रच; आठवण जिथवर पोचते तिथवर ‘मी’. म्हणजे पिन विसरलेला मी, मी नव्हतोच. फोनचं काही चुकत नव्हतं.

देवळात गेलो. इथे आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग पुन्हा काळभैरवाचं. देवाकडेही दुहेरी पडताळणी! नंतर पायऱ्या उतरून खडकांतल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर जायचं, तर भरती लागलेली. भरतीत ती वाट बंद. समुद्रही म्हणाला, थांबा.

दुपारी, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंना अपराध्यासारखं सांगितलं, “काकू, फोन उघडत नाही. रोकड आणलेली नाही.”

“मग? पैसे काय पळून जातायत? घरी पोचलात की पाठवा.”

“पण तुम्ही मला ओळखता कुठे?”

“काल दोनदा भात मागून घेतलात. एवढी ओळख पुरे.”

मोदक घशात अडकला. कारण मला आमच्या शाखेतल्या एक आजी आठवल्या. पेन्शन काढायला आल्या होत्या. आजारपणाने हात कापत होता आणि सही जुळत नव्हती. त्या म्हणाल्या, “अरे बाबा, मी समोर उभी आहे ना?” त्यावर मी विनोद केला होता, “आजी, तुम्ही उभ्या आहात, पण सही बसत नाही!” काउंटर हसला. आजी तशाच परत गेल्या. आजारपणाने सही करता न येणाऱ्या खातेदाराचा हाताच्या, वेळ पडली तर पायाच्याही अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घ्यावा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलेलं आहे. ते मला पाठ होतं. पण साहेबांना उठवायचा कंटाळा होता. म्हणजे तेव्हा अडवत होता तो नियम नव्हे, मी.

संध्याकाळी ओहोटीला प्रदक्षिणा झाली. खडकावर बसून मी म्हटलं, “आता फोन पुसून कोरा करायचा. फोटो गेले.”

ही शांतपणे म्हणाली, “आपल्या लग्नाची तारीख. उलटी.”

फोन उघडला. (तारीख इथे सांगत नाही. पुन्हा पिन बदलावा लागेल.)

“तुला कसं कळलं?”

“त्या रात्री पुटपुटत दाबत होतात.”

“मग कालच का नाही सांगितलंस?”

“बघत होते, तुम्हाला आठवतेय का.”

यावर लॉकसाहेबाने काय लिहिलं असतं कुणास ठाऊक. मला आपलं बँकेतलं लॉकर आठवलं. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची. नुसत्या आपल्या किल्लीने ते उघडत नाही. माझ्या ‘मी’ची एक किल्ली हिच्याकडे होती आणि दोन वेळच्या भातापुरती एक काकूंकडेही. आजींची किल्ली माझ्याकडे होती. मी ती खिशात ठेवून विनोद केला होता.

घरी पोचल्यावर आधी काकूंचे पैसे पाठवले. पुढच्या महिन्यात आजी आल्या. मी खुर्ची दिली, साहेबांना आणि एका जुन्या खातेदाराला साक्षीला बोलावलं, अंगठा घेतला. नोटा मोजत आजी म्हणाल्या, “आज बरी ओळख पटली रे?”

म्हटलं, “हरिहरेश्वरला जाऊन आलो, आजी.”